न्यू जर्सीची राखलेली जमीन

बर्लिंग्टन काउंटीत मॅन्सफिल्ड आणि चेस्टरफिल्ड या दोन गावांच्या शिवारातून मोटार जाऊ लागली की रस्त्याच्या कडेला अधूनमधून एक लहानशी पाटी दिसते. 'हे शेत कायमचे राखलेले आहे', एवढाच तिचा मतलब. मागे मका, सोयाबीन, कुठे घोड्यांची कुरणे. न्यू जर्सी हे अमेरिकेतील सर्वांत दाट वस्तीचे राज्य. एका अंगाला न्यूयॉर्क, दुसऱ्या अंगाला फिलाडेल्फिया आणि मधल्या पट्ट्यात नव्वद लाखांवर माणसे. अशा ठिकाणी महामार्गापासून दहा मिनिटांवर मक्याचे शेत उभे राहते कसे, हा प्रश्न मला पहिल्याच दिवशी पडला. लेक-जावई एडिसनला राहतात. आम्ही दोघे पेन्शनर त्यांच्याकडे तीन महिने होतो आणि जावयांना नकाशे, नोंदी वाचण्याचा नाद, म्हणून या पाट्यांचा पाठपुरावा करता आला.

एका शेताच्या फाटकाशी टोमॅटो-कणसांची टपरी होती. टपरीवरच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला मी लेकीमार्फत विचारले, "बाबा, ही जमीन सरकारची का?" तो हसला. जमीन त्याचीच. त्याने सरकारला जमीन विकली नव्हती, जमिनीवर घरे बांधण्याचा हक्क तेवढा विकला होता.

ही पद्धत आपल्या वाचकांना नवी आहे, म्हणून जरा फोड करून सांगते. समजा, एकराला बिल्डर वीस हजार डॉलर द्यायला तयार आहे आणि तीच जमीन फक्त शेतीसाठीच वापरायची म्हटले तर तिला सात हजार येतात. मधला फरक तेरा हजारांचा. दोन स्वतंत्र मूल्यमापक ही किंमत काढतात, राज्याची शेतजमीन समिती ती तपासून ठरवते आणि राज्य, काउंटी व गाव मिळून ती रक्कम शेतकऱ्याला देतात. बदल्यात जमिनीच्या दस्तात कायमची अट नोंदवली जाते. शेतकरी शेत कसू शकतो, विकू शकतो, मुलांना देऊ शकतो. पण घेणारा कोणीही असो, त्या जमिनीवर वसाहत उठणार नाही. आपल्या भाषेत सांगायचे तर सातबाऱ्यावर अशी नोंद, की ही जमीन कधीच एन.ए. होणार नाही, आणि त्या नोंदीचे पैसे मालकाला रोख मिळाले.

यासाठीचा कायदा १९८३ चा. पहिली शेते १९८५ मध्ये याच बर्लिंग्टन काउंटीत राखली गेली. आज राज्यात अशी अडीच हजारांहून जास्त शेते असून क्षेत्र अडीच लाख एकरांच्या घरात आहे.

टपरीवरून निघताना माझ्या मनात आमची जमीन आली. सातारा जिल्ह्यात माझ्या सासऱ्यांच्या नावे वतनाची साडेतीन एकर होती. महार वतन हे गुलामीचे जोखड आहे म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले होते. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने संपली आणि कब्जेहक्काची रक्कम भरून जमीन पुन्हा नावावर करून घ्यावी लागली, तीही 'नवीन अविभाज्य शर्तीवर'. म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून विकायची नाही. अट तिथेही आहे, अट आपल्याकडेही होती. तिथे अटीचे पैसे मिळतात. आपल्याला अटीसकट जमीन घेण्यासाठी पैसे भरावे लागले. आणि एवढी अट असूनही गावोगावच्या वतनी जमिनी कोणाच्या ताब्यात गेल्या, हे वाचकांना मी सांगायला नको.

पैसा येतो कुठून, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटले. न्यू जर्सीत यासाठी लोक मतदान करतात. १९६१ साली उद्याने व मोकळ्या जागा घेण्यासाठी ६ कोटी डॉलरचे कर्जरोखे काढावेत का, असा प्रश्न मतपत्रिकेवर आला आणि लोकांनी होकार दिला. त्या योजनेचे नाव ग्रीन एकर्स. तेव्हापासून दर काही वर्षांनी असे प्रश्न मतदारांपुढे येत राहिले. १९९८ मध्ये राज्यघटनाच दुरुस्त करून विक्रीकरातून दरवर्षी ९ कोटी ८० लाख डॉलर दहा वर्षे बाजूला काढायचे ठरले. उद्याने, शेतजमीन आणि ऐतिहासिक वास्तू या तिघांचा त्यात वाटा. पुढच्या वर्षी गव्हर्नर ख्रिस्टीन टॉड व्हिटमन यांनी त्याच्या कायद्यावर सही केली. २०१४ मध्ये पुन्हा मतदान होऊन कंपन्यांवरील कराचा ठराविक हिस्सा, आधी ४ टक्के व पुढे ६ टक्के, या कामांना बांधून दिला गेला. शिवाय राज्यातल्या २१ च्या २१ काउंट्यांनी घरपट्टीबरोबर स्वतःचा लहानसा कर लावला आहे. जावयांनी मला त्यांचे घरपट्टीचे बिल दाखवले. त्यात 'मोकळी जागा' अशी वेगळी ओळ होती.

"आई, आम्ही हे भरतो म्हणून ते शेत आहे," जावई म्हणाले.

"अहो, पण त्या शेतात तुम्हाला पाय ठेवता येतो का?" मी विचारले.

नाही येत. ग्रीन एकर्सच्या पैशातून घेतलेली बाग सर्वांना खुली असते आणि गावाला ती दुसऱ्या कामाला लावायची झाली तर राज्याची परवानगी व बदली जमीन द्यावी लागते. राखलेले शेत मात्र खाजगीच राहते. यावर तिथेही लोक बोलतात. २०१४ च्या निर्णयावर तर पर्यावरणवाद्यांतच भांडण झाले. कारण तो ४ टक्के हिस्सा आधीपासून प्रदूषित जागा साफ करणे, पाणी तपासणे यांसारख्या कामांना बांधलेला होता. तोच बहुतांश उचलून जमीन राखण्याकडे वळवला, म्हणजे शहरातल्या गरिबाच्या दारातला कचरा तसाच ठेवून दूरचे रान वाचवले, असा विरोधकांचा आक्षेप होता. मला तो बराचसा पटला.

तिथून आम्ही पूर्वेकडे पाइन झाडांच्या जंगलात व्हाइट्सबॉगला गेलो. हे लाल आंबट क्रॅनबेरीचे जुने गाव. एलिझाबेथ व्हाइट या मळेवाल्याच्या मुलीने फ्रेडरिक कोव्हिल या वनस्पतिशास्त्रज्ञाबरोबर इथे रानटी ब्लूबेरीची लागवड करून दाखवली आणि १९१६ मध्ये पहिले पीक बाजारात गेले. जंगलात राहणाऱ्या गरीब लोकांना तिने सांगून ठेवले होते, मोठ्या फळाचे झुडूप शोधून द्या, पैसे देते. रूब लीक नावाच्या माणसाने दाखवलेल्या झुडपाला त्याच्याच नावावरून 'रुबेल' म्हणतात. आज भारतातल्या मॉलमध्ये डबीतून मिळणारी ब्लूबेरी मुळात इथली. हे सारे गाव आणि भोवतीची जमीन राज्याने १९६० च्या दशकात ग्रीन एकर्समधून विकत घेतली. दुकान, गोदामे, मजुरांच्या चाळीवजा खोल्या दुरुस्त करून ठेवल्या आहेत. तिकीट नाही.

पण इथला आणखी एक ठेवा वेगळ्या ठिकाणी आहे. १९१० साली लुईस हाइन हे छायाचित्रकार बालमजुरीचे पुरावे गोळा करीत या मळ्यांत आले होते. फिलाडेल्फियाहून आणलेल्या इटालियन मजुरांची पोरे, काही आठ-नऊ वर्षांची, खोकी उचलताना त्यांनी टिपली. ती छायाचित्रे वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयात आहेत. घर राखले की मालकाची आठवण आपोआप राहते. मजुराची आठवण राहायला कोणीतरी पुरावा घेऊन यावा लागतो.

यानंतरचे ठिकाण माउंट लॉरेल. या गावासाठीच मी हा लेख लिहायला घेतला.

दिसायला गाव अत्यंत सुखवस्तू. ॲलिस पॉल यांचे जन्मघर 'पॉल्सडेल' इथेच आहे. अमेरिकेतील स्त्रियांच्या मताधिकारासाठी तुरुंगात गेलेली, उपोषण केलेली ही बाई १८८५ साली या शेतघरात जन्मली. १९९० मध्ये महिलांच्या एका संस्थेने ते घर विकत घेतले आणि पुढच्याच वर्षी ते राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ ठरले. मोठा व्हरांडा, जुना वृक्ष, शाळेच्या मुली रांगेने येतात. पाहून आनंद झाला.

त्याच गावात एथेल लॉरेन्स राहत होत्या. काळ्या समाजाच्या. त्यांचे घराणे अनेक पिढ्या इथलेच. क्वेकर पंथीयांच्या आश्रयाने गुलामीतून सुटलेली काळी कुटुंबे या भागात स्थायिक झाली होती. १९६० नंतर शेतांचे बंगले होऊ लागले आणि गरीब काळी कुटुंबे, काही तर कोंबड्यांच्या खुराड्यांत दुरुस्ती करून राहणारी, घराबाहेर काढली जाऊ लागली. खुराडी राहण्यास अयोग्य म्हणून पाडायची आणि नवे स्वस्त घर बांधू द्यायचे नाही, असा दुहेरी पेच. लोकांनी ३६ लहान घरांची योजना आणली. गावाचा नियम असा की घर बांधायचे तर मोठ्या भूखंडावर एकेक स्वतंत्र बंगलाच बांधायचा. १९७० साली जेकब्स चॅपल या त्यांच्या चर्चमध्ये महापौर आले आणि ज्यांना इथे परवडत नाही त्यांनी दुसरीकडे जावे, अशा आशयाचे बोलून गेले.

भगिनींनो, गावकुसाबाहेर ठेवण्यासाठी कूसच बांधावे लागते असे नाही. भूखंडाचा आकार ठरवला तरी पुरते.

एथेल लॉरेन्स, त्यांची मुलगी आणि काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेच्या स्थानिक शाखा न्यायालयात गेल्या. १९७५ मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की जमीनवापराचे नियम करून कोणत्याही वाढत्या गावाला गरिबांना दाराबाहेर ठेवता येणार नाही. परवडणाऱ्या घरांचा आपला वाटा प्रत्येक गावाने उचलला पाहिजे. गावांनी टाळाटाळ केली. १९८३ मध्ये न्यायालयाने दुसरा, अधिक कडक निकाल दिला. १९८५ मध्ये विधिमंडळाने कायदा केला, पण त्यात एक चोरवाट ठेवली. श्रीमंत गावाने आपल्या वाट्याची निम्मी घरे पैसे देऊन एखाद्या गरीब शहराच्या गळ्यात घालावीत. ही वाट बंद व्हायला २००८ साल उजाडले.

एथेल लॉरेन्स १९९४ मध्ये वारल्या. त्यांच्या नावाची वसाहत २००० च्या अखेरीस उभी राहिली आणि पहिली कुटुंबे राहायला आली. आम्ही तिथून सावकाश गाडी नेली. दुमजली नीटनेटकी घरे, मुलांच्या सायकली, मध्ये हिरवळ. कोणी सांगितल्याशिवाय ही 'गरिबांची वसाहत' आहे हे कळणार नाही. या वसाहतीने शेजारच्या घरांच्या किमती पडतील, गुन्हे वाढतील, असा आरडाओरडा झाला होता. प्रिन्स्टन विद्यापीठाचे समाजशास्त्रज्ञ डग्लस मॅसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यास करून २०१३ मध्ये पुस्तक लिहिले. किमती पडल्या नाहीत, गुन्हे वाढले नाहीत आणि तिथे राहायला आलेल्यांची परिस्थिती सुधारली, असे त्यात निघाले.

आता जमीन राखण्याशी याचा संबंध काय, असे कोणी म्हणेल. संबंध आहे. याच माउंट लॉरेल गावाने पुढे एका बिल्डरची घरांसाठीची जमीन 'मोकळी जागा' म्हणून सक्तीने संपादित केली. वाढ रोखणे हाच हेतू होता, हे गावाने लपवलेही नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ते वैध ठरवले. त्या जागेवर होणारी घरे काही गरिबांसाठी नव्हती, हे खरे. पण हत्यार तेच. हिरवळ राखायची म्हटले की विरोध कोण करणार? शेत राहिले पाहिजे, झाड राहिले पाहिजे, हे मलाही वाटते. फक्त ज्या गावाने आपल्या वाट्याची घरे बांधली नाहीत त्या गावाला मोकळ्या जागेसाठी राज्याचा पैसा देताना हात आखडला पाहिजे, असे माझे मत झाले. जावयांचे मत वेगळे. ते म्हणतात, दोन्ही प्रश्न वेगळे ठेवले तरच दोन्ही सुटतील. आमचा वाद कॅमडेनपर्यंत पुरला.

कॅमडेन शहर तिथून अर्ध्या तासाच्या आत आहे. माउंट लॉरेलमधून उठवलेली कितीतरी कुटुंबे तिथल्या पडक्या चाळींत गेली होती. गरिबी, बंद कारखाने, विषारी जागा. पण तिथेही एक गोष्ट पाहिली. क्रेमर हिल भागात नदीकाठी जुना कचरा डेपो होता. तो साफ करून राज्याने ६२ एकरांचे उद्यान केले, २०२१ मध्ये ते खुले झाले. सुमारे ४ कोटी ८० लाख डॉलर लागले. त्यातला पैसा निसर्गाची हानी करणाऱ्या कंपन्यांकडून वसूल केलेल्या भरपाईतला आहे. मासे पकडायला आलेली म्हातारी माणसे, पाळणे, टेकडीवरून फिलाडेल्फियाच्या इमारती. व्हाइट्सबॉगपेक्षा माझा जीव इथे जास्त रमला.

जवळच लॉनसाइड हे गाव. गुलामीतून सुटलेल्या काळ्यांनी वसवलेले, १९२६ साली स्वतंत्र बरो म्हणून मान्यता मिळालेले. इथे पीटर मॉट या काळ्या शेतकरी-उपदेशकाचे सुमारे १८४५ मधले दोन मजली लाकडी घर आहे. पळून आलेल्या गुलामांना ते आसरा देत, अशी गावाची आठवण. नवी घरे बांधण्यासाठी ते पाडले जाणार होते. १९९० साली गावकऱ्यांनी इतिहास मंडळ स्थापून ते वाचवले आणि २००१ मध्ये तिथे संग्रहालय उघडले. वास्तू राखण्यासाठी राज्याचा ऐतिहासिक ट्रस्ट १९६७ पासून आहे, पण मोठ्या दुरुस्तीचा सगळा खर्च तो देत नाही. काही हिस्सा संस्थेने उभा करायचा असतो. श्रीमंतांच्या हवेलीला हे जमते. लहान गावाला घरोघर फिरावे लागते. काळ्यांच्या वारशाची ठिकाणे जोडणारा मार्ग राज्याने आखावा असा कायदा तर २०२२ मध्ये झाला. आपल्याकडे लंडनमधील १०, किंग हेन्रीज रोड हे बाबासाहेबांचे घर महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये विकत घेतले तेव्हा 'एवढा खर्च कशाला' म्हणणारे भेटले होते. त्यांना पीटर मॉटचे घर दाखवावेसे वाटते.

शेवटचा रविवार आम्ही राज्याच्या दुसऱ्या टोकाला, हडसन नदीच्या पॅलिसेड्स कड्यांवर काढला. नदीच्या पलीकडे न्यूयॉर्क. जरा दक्षिणेला कोलंबिया विद्यापीठ, जिथे बाबासाहेब १९१३ ते १९१६ शिकले. त्यांच्या वेळी मोठा पूल नव्हता, नावेने नदी ओलांडत. हे काळे उभे कडे तेव्हा नुकतेच वाचले होते. १८९० च्या दशकात खडीसाठी सुरुंग लावून ते फोडले जात होते आणि स्फोटांचे आवाज न्यूयॉर्कमध्ये ऐकू येत. न्यू जर्सीच्या महिला मंडळांनी, ज्यांना मतदानाचाही हक्क नव्हता, हा प्रश्न हाती घेतला. १९०० साली न्यूयॉर्क व न्यू जर्सी या दोन राज्यांनी मिळून आयोग नेमला आणि त्याच वर्षी नाताळच्या आदल्या दिवशी सर्वांत मोठी खाण बंद पडली. खाण घेण्याचा बहुतेक पैसा जे. पी. मॉर्गन या सावकाराने दिला. आल्पाइन येथे महिलांच्या स्मरणार्थ १९२९ साली दगडी गढीसारखे स्मारक बांधले आहे.

त्याच उद्यानाच्या उत्तर हद्दीजवळ झाडीत घरांच्या जोत्यांचे दगड आहेत. १८०६ साली जॅक अर्नेस्ट या गुलामीतून सुटलेल्या माणसाने इथली खडकाळ, कोणाला नको असलेली जमीन विकत घेतली. भोवती मुक्त काळ्यांची वस्ती वाढली आणि शंभर वर्षांत ओस पडली. स्कंक हॉलो हे तिचे नाव. जोन गाइस्मर या पुरातत्त्वज्ञ बाईंनी उत्खनन करून १९८२ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिले, म्हणून ती माहीत तरी झाली.

आपल्यापैकी पुष्कळजण कोलंबियाला जातात, लेमन ग्रंथालयातील बाबासाहेबांच्या अर्धपुतळ्याला वंदन करतात, फोटो काढतात आणि परततात. त्यांनी अर्धा दिवस हाताशी ठेवावा. १७५ व्या रस्त्यापर्यंत भुयारी रेल्वेने गेले की जॉर्ज वॉशिंग्टन पूल जवळच आहे. कडेच्या पायवाटेने तो चालत ओलांडता येतो. वारा फार असतो, लहान मुलांच्या टोप्या धराव्यात. पलीकडे उतरून उजवीकडे वळले की कड्यावरची पायवाट सुरू होते. पाणी बरोबर न्यावे. वाटेत दुकान नाही.